विद्यापीठनगरीची सायंकाळ

विद्यापीठ म्हटले की उंच इमारती, ग्रंथालय आणि परीक्षेचे मंडप डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु दिवेलागणीनंतर एखादे गाव काय खाते, काय ऐकते आणि काय विकत घेते, यावरूनही त्याची विद्या ओळखता येते. हा विचार आम्ही दोन नगरींच्या आधारे मांडीत आहोत. एक दूरची, दुसरी अगदी जवळची.

दूरची नगरी म्हणजे दक्षिण फ्रान्समधील मॉंपेलिए. तेथील विद्यापीठास १२८९ साली पोपची सनद मिळाली. वैद्यकशाळेचे नियम तर १२२० सालचे आहेत. थोर विनोदकार राब्ले याने वैद्यकाचा अभ्यास तेथेच केला. गावाच्या मध्यभागी, नाट्यगृहासमोर एक विस्तीर्ण चौक असून तेथे मोटारींना मज्जाव आहे. संध्याकाळी उपाहारगृहांबाहेर मांडलेल्या मेजांभोवती विद्यार्थी जमतात आणि कॉफीच्या एका पेल्यावर त्यांचा वाद तासभर रंगतो. गरीब विद्यार्थ्याचाही विसर पडलेला नाही. सरकारी साहाय्याने चालणाऱ्या विद्यार्थी-भोजनगृहांत शिष्यवृत्तीधारकांस २०२० सालापासून एका युरोत जेवण मिळते.

जवळची नगरी म्हणजे धारवाड. आपल्या केशवापुराहून ती वीस किलोमीटरच्या आसपास आहे. तेथे १९१७ साली कर्नाटक कॉलेज निघाले आणि १९४९ च्या कायद्याने स्थापन झालेले कर्नाटक विद्यापीठ पुढे तेथेच स्थिरावले. धारवाडचा पेढा कोणास ठाऊक नाही? उत्तरेतील उन्नावहून आलेल्या ठाकूर घराण्याने तो प्रसिद्धीस आणला. खवा तांबूस होईतो भाजावयाचा आणि वळलेला पेढा पिठीसाखरेत घोळावयाचा, ही त्याची रीत. इकडे हुबळीत दुर्गदबैलच्या बाजारात सायंकाळी गिरमिट आणि मिरचीभजी यांच्या गाड्यांभोवती गर्दी उसळते. परंतु आम्हांस या सर्वांहून मोठे वाटते ते धारवाडच्या मुरुघामठाचे अन्नदान. खेड्यांतून आलेल्या कितीतरी निर्धन मुलांस मठाने निवारा व अन्न दिले, म्हणूनच ती शिकू शकली. फ्रान्समध्ये जे सरकार करते, ते येथे मठाने केले.

खरेदीचे म्हणाल, तर येथे इरकली लुगडी, गुळेदगुड्डचे खण आणि कसूतीचे नाजूक भरतकाम मिळते. शिवाय धारवाडच्या सुभाष रस्त्यावर एका माळ्यावर १९३३ साली सुरू झालेली मनोहर ग्रंथमाला आहे. तेथे पुस्तके विकली जात, तशा लेखकांच्या गप्पाही रंगत.

आणि रात्र? या प्रदेशाची रात्र गाण्याची. किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व हे कुंदगोळचे. त्यांनी मराठी रंगभूमी गाजविली, आणि पुढे कुंदगोळास शिष्य घडविले. तरुण गंगूबाई हनगल शिकण्यासाठी हुबळीहून आगगाडीने तेथे जात आणि रात्री घरी परतत. त्याच सुमारास भीमसेन जोशी तेथे गुरुगृही राहून शिकत होते. गुरूचे गुरू मुसलमान, घरची भाषा कानडी आणि रंगभूमी मराठी. सुरांनी कोणासही अडविले नाही. घरी मराठी बोलणारे द. रा. बेंद्रे कन्नडचे महाकवी झाले आणि १९७३ च्या ज्ञानपीठ पुरस्काराचे मानकरी ठरले, तेही याच मातीत.

विद्यार्थिमित्रहो, या सर्वांतून आम्हांस एकच गोष्ट सांगावयाची आहे. विद्यापीठनगरीची सायंकाळ पैशाने सजत नाही. ती ज्याच्या खिशात काही नाही, त्यालाही पंक्तीत, मैफलीत आणि वादात जागा देते. आज आपली सायंकाळ बहुधा हातातील भ्रमणध्वनीच्या काचेत मावळते. काचेत गाणे ऐकू येते खरे, परंतु शेजारी बसून मान डोलावणारा परका मनुष्य तेथे भेटत नाही. तेव्हा महिन्यातून एक तरी सायंकाळ राखून ठेवा. घरच्या वडीलधाऱ्यांसह एखाद्या मैफलीस वा व्याख्यानास जा. भाषा पुरती कळली नाही तरी चालेल, शेजाऱ्यास विचारा. शाळेची घंटा झाल्यावर सुरू होणारा तास तो हाच.