गव्हाणीजवळचा हिशेब

सांगली,
दसऱ्याचा दुसरा दिवस

चि. सोनू हिस,


परवा फोनवर तू अगदी रडकुंडीला आली होतीस. बी.कॉम.ला ताळेबंद जुळला की तुझा विषय संपायचा. आता चंदीगडला एमबीएच्या पहिल्याच सत्रात मॅनेजमेंट अकाउंटिंगने तुला घोळात घेतलंय. "मामा, एकाच वस्तूच्या खर्चाची दोन उत्तरं येतात आणि सर म्हणतात दोन्ही बरोबर. मग शिकायचं काय?" मी हसलो, ते तुला लागलं असेल. पण साखर कारखान्याच्या कॉस्ट सेक्शनमध्ये 31 वर्षं काढल्यावर हा प्रश्न ऐकून हसूच येतं गं. मीही याच प्रश्नावर अडलो होतो.

आधी तुझी दोन उत्तरं बघू. ऊस गाळला की साखर निघते, मळी निघते, बगॅस निघतो. शेतकऱ्याला पैसे द्यायचे ते टनावर, अख्ख्या उसाचे. त्यातले मळीच्या वाट्याचे किती? याचं खरं उत्तर ब्रह्मदेवालाही देता येणार नाही, कारण मळीसाठी वेगळा ऊस कुणी लावत नाही. तरी 31 मार्चला शिल्लक मळीची किंमत पुस्तकात धरावी लागते. म्हणून आपण एक रीत ठरवतो आणि दरवर्षी तीच पाळतो. हे झालं एक उत्तर. आता संचालक मंडळ विचारतं, मळी आहे तशी विकायची की आपल्याच डिस्टिलरीत घालायची? उसाचे पैसे तर दोन्हीकडे सारखेच गेलेत, ते बाजूला ठेव. मळी विकून जे मिळालं असतं ते आणि डिस्टिलरीचा वाढीव खर्च एकीकडे, अल्कोहोलचे पैसे दुसरीकडे, तुलना एवढीच. हे दुसरं उत्तर. मळी तीच, विचारणारा वेगळा. म्हणून गणिताला हात घालण्याआधी वहीत वर एक ओळ लिहीत जा : हा आकडा कुणाला हवाय, आणि त्यावरून तो काय ठरवणार आहे? निम्मा पेपर तिथेच सुटतो.

आता तुझ्या विषयातला पुढचा भाग, कंट्रोल. हा भाग पुस्तकात सोपा वाटतो : बजेट, प्रत्यक्ष खर्च, तफावत, जबाबदार कोण. मलाही सोपा वाटला होता. नोकरीच्या पहिल्या वर्षी, ऐन हंगामात आमचा साखरेचा उतारा अर्ध्या टक्क्याने घसरला. अर्धा टक्का म्हणजे काय ते मांडून बघ : एक लाख टन गाळपाला पाच हजार क्विंटल साखर कमी, आणि उसाचं बिल मात्र तेवढंच. माझा रिपोर्ट पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला टेबलावर गेला. तफावत उत्पादन खात्याच्या नावावर पडली आणि मीटिंगमध्ये चीफ केमिस्टची सगळ्यांसमोर शोभा झाली. बाहेर आल्यावर ते मला शांतपणे म्हणाले, "साहेब, एकदा रात्री गव्हाणीवर येऊन बघा."

गेलो. गव्हाण म्हणजे जिथून ऊस गाळपाला आत जातो ती जागा. यार्डात ट्रकची आणि बैलगाड्यांची रांग लागलेली. गाडीवानांना विचारत गेलो, तोड कधीची? कुणी कालची सांगितली, कुणी परवाची. तोडलेला ऊस ठेवला की त्यातली साखर उतरत जाते, हे तिथल्या पोरासोरांना ठाऊक होतं, फक्त माझ्या तक्त्याला ठाऊक नव्हतं. कारखान्याच्या शेती खात्याने गाळपाच्या वेगापेक्षा जास्त तोडणीच्या टोळ्या लावल्या होत्या. का? कारण त्या खात्याचं काम रोज किती टन ऊस आणला यावर मोजलं जायचं. त्यांनी आपलं टार्गेट चोख पुरं केलं होतं! चूक ना केमिस्टची, ना शेतकी अधिकाऱ्याची. आम्ही जे मोजायचं ठरवलं, तेच आम्हाला मिळत होतं.

मग रोजचा एक साधा तक्ता सुरू केला : तोड किती वाजता, मोळी गव्हाणीत किती वाजता. त्यात रुपयाचा एकही आकडा नव्हता. उतारा सावरला, पण तोवर हंगामाचे सहा आठवडे निघून गेले होते. पुढे जॉन्सन आणि कॅप्लन यांचं 1987 चं 'रेलेव्हन्स लॉस्ट' हाती पडलं. व्यवस्थापनाला मिळणारी हिशेबाची माहिती फार उशिरा येते आणि फार ढोबळ असते, ही त्यांची तक्रार वाचताना मला ती ट्रकची रांग दिसत होती. तुमच्या लायब्ररीत असेल, सुट्टीत वाच.

उशिराच्या हिशेबाचं आणखी एक उदाहरण तुझ्या दाराशीच आहे. तुझ्या होस्टेलपासून पन्नासेक किलोमीटरवर सरहिंद. मार्च 1758 मध्ये राघोबादादांच्या फौजांनी ते घेतलं, पुढच्याच महिन्यात लाहोर. शाळेत आपण अटकेपर्यंत शिकतो आणि पान उलटतो. दादा पुण्याला परतले ते डोक्यावर कर्ज घेऊन. इतिहासकार तो आकडा 80 लाखांच्या घरात सांगतात. दौलतीचा जमाखर्च बघणाऱ्या सदाशिवरावभाऊंनी जाब विचारला, दादा रागावले, आणि 1760 ची उत्तरेची मोहीम भाऊंच्या गळ्यात पडली. भाऊ हिशेबाला पक्के. पण त्यांनाही दिल्लीत दिवाण-इ-खासचं चांदीचं छत उतरवून फौजेचा खर्च भागवावा लागला, कारण कागदावरची वसुली हातात येत नव्हती. डिसेंबरात रसद आणि वसुली बघणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले, आणि 14 जानेवारी 1761 ला पानिपतावर उपाशी सैन्य लढलं.

पानिपतची कारणं अनेक, त्यात मी पडत नाही. माझ्या कामाच्या दोनच गोष्टी. दादांना प्रश्न विचारला गेला तो मोहीम संपल्यावर, जेव्हा एक पैसाही वाचणार नव्हता. आणि येणं कितीही असलं तरी पगाराच्या दिवशी लागते ती रोकड. आमच्याकडे हेच रोज चालतं : 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस आल्यापासून 14 दिवसांत शेतकऱ्याचे पैसे द्यायचे, आणि साखर मात्र वर्षभर थोडी थोडी विकली जाणार. कागदावर नफ्यात असलेला कारखाना त्या दिवसांत बँकेपुढे माल तारण ठेवून उभा असतो. तेव्हा नफ्याच्या बजेटशेजारी कॅश बजेट मांडल्याशिवाय उठू नकोस.

आणि एक. नोकरी लागली की तुझ्या रिपोर्टवर माणसांची बढती, बदली, बोनस ठरेल. तफावतीपुढे कुणाचं खातं लिहिण्याआधी त्या माणसाकडे जाऊन ये. ज्या गोष्टीवर त्याचा हात चालत नाही, तिचा जाब त्याला विचारू नये. त्या मीटिंगनंतर मी चीफ केमिस्टची माफी मागायला गेलो. त्यांनी चहा पाजला. पण सगळ्यांसमोर गेलेली अब्रू चार भिंतीआड भरून येत नाही, हे तेव्हा कळलं.

तुझ्या चंदीगडच्या सेक्टर 14 मध्ये गव्हाण नाही, पण होस्टेलची मेस आहे. दिवाळीला मुली घरी जायला लागल्या की मेसवाल्याला विचार : 50 मुली कमी झाल्या तर त्याचे कोणते खर्च कमी होतात? पीठ, भाजी, दूध घटेल. आचाऱ्याचा पगार? फ्रीजचं वीजबिल? गॅसचं नक्की कुठे बसवायचं, यावर तो आणि तू वाद घालाल, घाला. मग त्यालाच विचार, एवढ्या थोड्या ताटांसाठी मेस सुरू ठेवायची की चार दिवस बंद करायची, हे तो कशावरून ठरवतो. त्याने पुस्तक वाचलेलं नाही, पण उत्तर देईल.

ते सगळं एका कागदावर मांड आणि इकडे येताना घेऊन ये. उत्तर बरोबर आहे की नाही ते मी बघणार नाही. वर ती एक ओळ लिहिलीयस का, तेवढं बघेन.

तुझा,
मामा