लग्नाआधीचा कागद

लग्न ठरले की आपल्याकडे पुष्कळ गोष्टी ठरतात. तिथी ठरते, मांडव ठरतो, पंगत ठरते. सेवाग्रामच्या आसपास साक्षगंधाच्या दिवशी वडील माणसे बसून बोलणी करतात. पण लिहून ठेवायचे म्हटले की लोक म्हणतात, "सोयऱ्यांत कागद कशाला?"

आमच्या प्रौढवर्गात एक बाई येत. त्यांच्या लेकीचे लग्न होते. मुलाकडून देण्याघेण्याची यादी आली. बाईंनी अक्षर लावून ती वाचली आणि वर्गात घेऊन आल्या. "गुरुजी, या पाटल्या माझ्या मायनं नातीले देल्या. पोराच्या नावानं कायले लिवल्या?"

प्रश्न अगदी बरोबर होता. लग्नात मुलीला मिळालेल्या वस्तू हे तिचे स्त्रीधन. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी खटल्यात हेच सांगितले. सासरच्यांनी दागिने सांभाळायला ठेवले, म्हणून ते त्यांचे होत नाहीत.

त्याच वर्षी २ ऑक्टोबरपासून भेटवस्तूंच्या यादीचे नियम लागू झाले. ते असे आहेत :

१. वधूला आलेल्या वस्तूंची यादी वधूने ठेवावी. वराला आलेल्या वस्तूंची यादी वराने ठेवावी.
२. वस्तूचे वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव व नाते लिहावे.
३. यादी लग्नाच्या वेळी किंवा त्यानंतर लवकरात लवकर करावी.
४. दोघांनीही सही करावी. वधूला सही येत नसेल तर यादी तिला वाचून दाखवावी. वाचणाऱ्याने सही करावी. मग तिने अंगठा द्यावा.

एक ध्यानात ठेवा. मागून घेतलेली वस्तू यादीत लिहिली, तरी ती भेट होत नाही. तो हुंडाच. १९६१ च्या कायद्याने हुंडा देणे आणि घेणे, दोन्ही गुन्हे आहेत.

काही ठिकाणी याहून मोठा कागद होतो. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेला कायदा आहे. तेथे करार केला नाही, तर सामान्यतः नवराबायकोची मिळकत सामाईक होते, दोघांची निम्मी-निम्मी. ती वेगळी ठेवायची असेल, तर करार लग्नाआधीच करावा लागतो. लग्नानंतर तो बदलता येत नाही. मुसलमान समाजात निकाहनाम्यात मेहेर लिहितात. तो बायकोचा हक्क असतो.

आपल्याकडे हिंदू विवाहाला गोव्यासारखा करार नाही. "पुढे पोटगी मागणार नाही" असे कोणी मुलीकडून लिहून घेतले, तरी न्यायालय ते मानत नाही. पण भांडण कोर्टात जाईपर्यंत मुलगी त्या कागदाला भीत राहते. म्हणून असा कागद पुढे आला, तर सही करू नये. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या विधी सेवा कार्यालयात विचारावे. स्त्रियांना तेथे वकिलाचा सल्ला फुकट मिळतो.

त्या बाईंनी काय केले? भांडण केले नाही. व्याह्यांना घरी बोलावले, चहा दिला आणि ती ओळ दाखवली. व्याही म्हणाले, "लिहिणाऱ्याची चूक झाली." दोन याद्या नव्याने लिहिल्या. लग्नाच्या दिवशी मुलीने दोन्ही याद्या मोठ्याने वाचल्या, मग सही केली. आई शेजारी उभी होती. स्वतःच्या लग्नात तिने न वाचताच अंगठा दिला होता.

लिहा : तुमच्या घरच्या लग्नात वधूला मिळालेल्या पाच वस्तू, त्यांची किंमत, देणाऱ्याचे नाव आणि नाते.