कंपनीचे दार कोठे असते?

कायद्याच्या दृष्टीने कंपनी ही एक 'व्यक्ती' आहे, असे आपण वाणिज्य शाखेच्या मित्रांकडून नेहमी ऐकतो. पण या व्यक्तीला हात नाहीत. मग तिच्यावर दावा लावला, तर समन्स कोणाच्या हाती द्यायचे? मी पांढरकवड्याकडचा, शेतकरी घरातला. म्हणून हा प्रश्न मला केवळ पुस्तकी वाटत नाही. आमच्याकडे बियाणे गावच्या दुकानात मिळते, पण ते तयार करणारी कंपनी पुष्कळदा परराज्यातील असते.

अमेरिकेत प्रत्येक राज्याचा कंपनी कायदा वेगळा. डेलावेअरमध्ये स्थापन झालेली कंपनी टेक्सासमध्ये धंदा करू लागली, की तेथे ती परकी ठरते. तिला टेक्सासमध्ये वेगळी नोंदणी करून, समन्स स्वीकारणारा स्थानिक प्रतिनिधी नेमावा लागतो.

आपल्याकडे कंपनी कायदा सबंध देशाला एकच आहे. हैदराबादेत नोंदलेली कंपनी वणीत परकी नसते. मात्र २०१३ च्या कायद्याच्या कलम १२ नुसार तिला नोंदणीकृत कार्यालय ठेवावेच लागते. शिवाय जेथे जेथे ती धंदा करते, तेथे तेथे नाव व पत्ता यांची पाटी हवी, आणि तीही स्थानिक भाषेच्या लिपीत. परदेशी कंपनीला तर भारतात कामकाज थाटल्यापासून ३० दिवसांत, समन्स स्वीकारणाऱ्या येथील रहिवाशाचे नाव व पत्ता कळवावा लागतो (कलम ३८०). तिने हे टाळले तर तिला दावा लावता येत नाही. तिच्यावर मात्र लावता येतो.

राज्याची सीमा आडवी येते ती करात. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कराची नोंदणी राज्यवार आहे. पैनगंगेच्या अलीकडे पाटणबोरीला आणि पलीकडे आदिलाबादला गोदामे ठेवून दोन्हीकडून करपात्र माल विकणाऱ्याला दोन नोंदण्या लागतात. महाराष्ट्राचा क्रमांक २७ ने सुरू होतो, तेलंगणाचा ३६ ने.

मग बियाणे उगवलेच नाही, तर शेतकऱ्याने हैदराबाद गाठायचे काय? नाही. बियाणे विकत घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली स्पष्ट केले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तर तक्रारदार जेथे राहतो, तेथील जिल्हा आयोगाकडे दाद मागण्याची सोय केली. म्हणजे घाटंजीचा शेतकरी यवतमाळलाच तक्रार नोंदवू शकतो.

तरीही नोटीस पाठवायला नाव आणि पत्ता लागतोच. कायद्याने कंपनीला दार ठेवायला लावले आहे. त्या दाराचा पत्ता आपल्या हाती राहतो तो पावतीवर आणि पिशवीवर. उधारीच्या भिडेने पावती न मागणारे आणि पेरणी होताच पिशवी फेकून देणारे आपल्या गावांत थोडे नाहीत. शिकलेल्या मुलांनी निदान आपापल्या घरी तरी या दोन वस्तू हंगाम संपेपर्यंत जपून ठेवायला सांगाव्यात, एवढेच मला सुचवावेसे वाटते.