जमीन छोटी म्हणून हिरमुसू नकोस

अगं, किती घाबरतेस! मिशिगनमध्ये घर घेतलंस, हंटर सेफ्टीचा कोर्स केलास, कंपाउंड बो आणलास, आणि 1 ऑक्टोबरचा हंगाम तोंडावर आल्यावर विचारतेस, "ताई, 5 एकरांत हरणाची शिकार होते का गं?" होते. आपल्या हिशेबाने ते 200 गुंठे झाले, आणि बाण मारायचा असतो जेमतेम वीस यार्डांवर.

बघ, हरणाचा वावर शेकडो एकरांत असतो. तुझ्या 5 एकरांतून ते फक्त ये-जा करणार. त्यामुळे अख्खी जमीन पालथी घालू नकोस. झोपायची जागा आणि चरायची जागा यांच्यामधली वाट शोध: चिखलातले खूर, लेंड्या, शिंगं घासून साल निघालेली झाडं. मग वारा बघ. मिल्कवीडचा कापूस चिमटीत धरून सोड. आपल्याकडे रुईच्या म्हाताऱ्या उडतात ना, तसाच तो तरंगत जातो आणि तुझा वास कुठे पोचतोय ते दाखवतो. तो हरणांच्या वाटेकडे गेला तर त्या दिवशी घरी बस आणि भाजी निवड. माझ्या जॅकेटला फोडणीचा असा काही वास असायचा की हरणं बहुधा जेवायची वेळ ओळखत असतील! आता शिकारीचे कपडे वेगळ्या डब्यात असतात, तूही ठेव. छोट्या जमिनीत रोज जाऊन बसलीस तर हरणं रात्रीच फिरायला लागतात, म्हणून मोजकंच जा.

कुणी 40 एकर वापरू दिले तर ती पाव मैल लांब, पाव मैल रुंद चौकोनी जमीन. तिथे दोन मचाणं बांध, वेगवेगळ्या वाऱ्यांसाठी. मधला दाट भाग मात्र हरणांना सोडून दे, तिथे पाऊल टाकू नकोस.

सरकारी जंगलाची धास्ती घेऊ नकोस. ह्युरन-मॅनिस्टी जवळजवळ दहा लाख एकरांचं आहे हे खरं, पण तुला त्यातला एक ओढा आणि एक टेकाड पुरे. नकाशावर रस्त्यापासून लांबचा कोपरा निवड, आठवड्याच्या मधल्या दिवशी जा. मचाणावर नाव-पत्ता लिहावा लागतो, आणि ते लावलं म्हणून जागा तुझी होत नाही. आधीच कुणी बसलेलं दिसलं तर मुकाट्याने पुढे जा. शिवाय 1977 पासून राज्याची एक योजना आहे. शेतकऱ्यांना पैसे देऊन त्यांची खासगी जमीन शिकाऱ्यांसाठी खुली करतात. तीही बघून ठेव.

आता जरा दटावते. मचाणावर चढायच्या आधी हार्नेस घाल, आणि धनुष्य दोरीने नंतर वर ओढून घे. ते हातात घेऊन चढायचं नाही, म्हणजे नाही! हरीण आडवं उभं असेल किंवा तिरकं पाठमोरं, तेव्हाच खांद्यामागे नेम धर. मनात शंका आली तर बाण सोडू नकोस.

बाण लागल्यावर लगेच धावू नकोस गं. तो उचल आणि पिसांवरचं रक्त नीट बघ. गुलाबी, फेसाळ असेल तर फुप्फुस, अर्धा तास थांब. काळपट लाल असेल तर यकृत, चार तास तरी. हिरवट आणि घाण वास येत असेल तर पोट, आठ तास किंवा जास्त. घाई केलीस तर जखमी हरीण उठून लांब जातं. आणि 5 एकरांत लांब म्हणजे शेजाऱ्याची हद्द. मिशिगनमध्ये जखमी हरणामागेही परवानगीशिवाय दुसऱ्याच्या जमिनीत जाता येत नाही.

हरीण मिळाल्यावर 72 तासांत ऑनलाइन नोंद करायची असते. इथल्या रानटी हरणांत 2015 मध्ये सीडब्ल्यूडी हा आजार सापडला, म्हणून तुझ्या भागात तपासणीची सोय असेल तर मटण शिजवायच्या आधी ती करून घे. लोअर पेनिन्सुलात 2019 मध्ये खाद्य टाकून हरणं बोलवायला बंदी आली. हे नियम बदलत असतात, म्हणून दरवर्षीची नियमपुस्तिका आणि गावाचे वेगळे नियम वाच.

आई काय म्हणेल, हीच धाकधूक ना? भारतात 1972च्या कायद्याने वन्य प्राण्यांना संरक्षण आहे, इथे हरणांची संख्या आटोक्यात ठेवायला सरकारच परवाने देतं. एवढं सांग. पटलं नाही तर वाद घालू नकोस.

खरं सांगू का, तुझ्या 5 एकरांना अजून एकच गोष्ट कमी आहे, ती म्हणजे शेजाऱ्यांची ओळख. या शनिवारी थोडे लाडू घेऊन दोन्हीकडच्या शेजाऱ्यांना भेट, आणि "माझं हरीण तुमच्याकडे आलं तर शोधायला येऊ का?" एवढं आत्ताच विचारून ठेव.