जोडे काढण्यापूर्वी

शास्त्रपाठ : २ शमुवेल ९; १९:२४-३०; निर्गम ३:५; १२:११

योनाथानाचा पुत्र मफीबोशेथ दोन्ही पायांनी अधू होता, हे रविवारच्या शाळेतील मुलांनाही ठाऊक असते. दावीदाने त्याला लो-दबाराहून आणवून आपल्या पंक्तीस बसविले, येथवर आपण कथा सांगतो व थांबतो. दहा अध्यायांनंतर तो पुन्हा भेटतो, तेव्हा त्याचे कपडे मळलेले आहेत. राजा यरुशलेम सोडून गेला त्या दिवसापासून त्याने पायांचीही निगा राखलेली नाही. मूळ इब्रीत पाय व मिशी या दोहोंसाठी ‘करणे’ हे एकच साधे क्रियापद आहे : त्याने पाय ‘केले’ नव्हते, मिशी ‘केली’ नव्हती. प्राचीन ग्रीक भाषांतराने तेथे नखांचीही भर घातली. भाषांतरकाराला ही जागा अडवते. परंतु एवढे उघड आहे की, एरवी हा मनुष्य आपले अधू पाय नीटनेटके करूनच पंक्तीस जात असे. सीबाच्या चहाडीला त्याच्या मळक्या वस्त्रांनी उत्तर दिले. (दावीदाला ते पुरते पटले काय, हे शास्त्र सांगत नाही.)

पायांत काय घातले आहे, यावर पंक्तीतील जागा आजही ठरते. १९४६ साली वेल्लोरला आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की, कुष्ठरोगात बधिर झालेल्या तळव्यांना वेदना कळत नाही, म्हणून जखमा होतात. त्यांच्या कार्यातून मऊ रबराच्या चपला प्रचारात आल्या आणि त्यांनी असंख्य पाय वाचविले. पण त्या ठरावीक घडणीच्या चपला पाहूनच लोक रोग ओळखू लागले. मग कित्येकांनी त्या घरीच ठेवल्या. पाय राखावे, की चारचौघांत जावे? याउलट १९६८ साली जयपूर येथे कारागीर रामचंद्र शर्मा व डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडविलेला कृत्रिम पाय बोटांसकट खऱ्या पायासारखा दिसतो, त्यावर बुटाविना चालता येते, उकिडवे बसता येते. त्यांनी पायाबरोबर शेताचा बांध आणि देवळाचा उंबरठाही मोजला होता.

आपल्या उंबरठ्याचे काय? पुष्कळ मंडळ्यांत चपला दाराशी काढण्याची रीत आहे. ती सुंदर आहे. मोशे जळत्या झुडुपापुढे अनवाणी उभा राहिला. पण पोलिओ झालेल्याच्या कॅलिपरचा जोडा लोखंडी सळ्यांना जोडलेला असतो. तो काढला की उभे राहणेच संपते. माझ्या परिचयाचे एक गृहस्थ याच कारणास्तव वर्षानुवर्षे शेवटच्या बाकावर बसत व प्रभुभोजनास पुढे येत नसत. मी समजत असे, त्यांचा काही आत्मिक प्रश्न असावा. विचारले मात्र कधीच नाही.

ज्या निर्गमाच्या पुस्तकात जोडे काढण्याची आज्ञा आहे, त्याच पुस्तकात नऊ अध्यायांनंतर वल्हांडणाचे भोजन कसे करावे ते सांगितले आहे : कंबर कसून, पायांत जोडे घालून, हातात काठी घेऊन. जोडा आणि काठी! प्रभूने आपले भोजन स्थापिले ते याच सणाच्या पंक्तीत.

त्या गृहस्थांना मी हा भाग वाचून दाखविला. त्यांनी तो पुन्हा एकदा वाचावयास सांगितला. मग म्हणाले, “भाऊ, हे पंच-कमिटीत कोण वाचणार?”