वाचल्याची पोच : गार्डन रीच येथील एका लेखनशिस्तीचा विचार

मराठीत ‘पोच’ हा शब्द दोन ठिकाणी वापरला जातो. पाठविलेले पत्र वा वस्तू मिळाल्याची पावती ही एक पोच. आणि एखाद्यास ‘पोच नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा अभिप्रेत असलेली समज ही दुसरी. मोबाइलवरील संदेशाखाली निळ्या खुणा उमटतात तेव्हा पहिली पोच तत्काळ मिळते. दुसरीविषयी त्या खुणा काहीच सांगत नाहीत. संगणकयुगात वाचन उथळ झाले, अशी तक्रार आज सर्वत्र ऐकू येते. तिचे मूळ केवळ पडद्यात शोधणे प्रस्तुत लेखकास पटत नाही. वाचणाऱ्याकडून दुसरी पोच मागण्याची रीत आपण सोडली, हे अधिक मूलगामी कारण असावे.

ही रीत जेथे आवश्यक मानली गेली, असे एक उदाहरण साहित्याच्या प्रांताबाहेरचे आहे. कोलकात्याच्या दक्षिणेकडील गार्डन रीच या भागात, हुगळीच्या काठी, दक्षिण पूर्व रेल्वेचे मुख्यालय आहे. मराठी वाचकास हे स्थळ वाटते तितके परके नाही. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने नागपूर-छत्तीसगड हा मीटरमापी मार्ग आपल्याकडे घेऊन तो रुंद केला, आणि नागपूर गार्डन रीचशी जोडले गेले. १९४४ मध्ये कंपनी सरकारच्या ताब्यात आली, १९५५ मध्ये दक्षिण पूर्व रेल्वे अस्तित्वात आली, आणि २००३ पर्यंत नागपूर विभागाचा कारभार याच मुख्यालयाकडे राहिला. विदर्भातील मराठी स्टेशनमास्तरांच्या कित्येक पिढ्यांनी जे नियम घोकले, ते गार्डन रीचहून येत. (जाता जाता एक नोंद : नदीपलीकडे समोरच वनस्पती उद्यान आहे. ओशॉनेसी याने १८३९ मध्ये तारायंत्राचा आपला प्रारंभीचा प्रयोग त्याच परिसरात केला. दूरचा मजकूर क्षणात आणण्याची जी किमया आज आपल्या खिशात आहे, तिचा एक पूर्वज असा या नदीकाठचा आहे.)

रेल्वेच्या कामकाजात ‘वाचले’ असे नुसते म्हणून भागत नाही. स्टेशनमास्तर फाटकवाल्यास गाडीचा निरोप दूरध्वनीवरून देतो, तेव्हा निरोप कळल्याची खूण म्हणून ‘प्रायव्हेट नंबर’ दिला जातो. हा आकडा छापील तक्त्यातून घ्यावयाचा, घेतला की खोडावयाचा, आणि ऐकणाऱ्याने तो नोंदवहीत लिहावयाचा. पुढचा आकडा पलीकडच्यास ठाऊक नसल्यामुळे ‘हो, हो, कळले’ म्हणून सुटका होत नाही. गाडीच्या चालकास सावधानतेचा आदेश मिळतो, त्यात कोणत्या किलोमीटरपासून कोठपर्यंत किती वेगाने जावयाचे ते लिहिलेले असते. तो वाचून त्यावर त्याने सही करावयाची असते. वाटेत सिग्नल दिसला की चालक आणि साहाय्यक दोघेही त्याचा संकेत मोठ्याने उच्चारतात. दोन डोळ्यांनी पाहिलेले दुसऱ्या दोन डोळ्यांनी पडताळून पाहावे, एवढाच त्यातील अर्थ. स्थानकाचे कार्यनियम वाचले व समजले, असे कर्मचारी एका स्वतंत्र नोंदवहीत लिहून देतात, तो प्रकारही याच जातीचा.

या शिस्तीचे उदात्तीकरण करण्याचा हेतू नाही. सही हीही सवयीची होते. न वाचता केलेली सही आणि न वाचता दाबलेले ‘मान्य आहे’ हे बटन यांत तत्त्वतः भेद नाही. याच रेल्वेच्या खरगपूर विभागात, ओडिशातील बहानगा बाजार स्थानकात, २ जून २०२३ रोजी कोरोमंडल एक्सप्रेस मुख्य मार्गाऐवजी बाजूच्या मार्गावर वळून उभ्या मालगाडीवर आदळली आणि २९० हून अधिक माणसे मृत्यू पावली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत सिग्नलच्या जोडणीतील फेरफारांचे दोष आढळले. त्यांपैकी एक असा की फाटकाजवळील पेटीतील तारांवरील नावे चुकीची होती आणि ती चूक कित्येक वर्षे कोणाच्या लक्षात आली नव्हती. तारांच्या चुकीच्या जोडणीचा तसाच प्रसंग मे २०२२ मध्ये बांकडा नयाबाज स्थानकात घडला होता. त्यानंतर उपाय केले असते तर पुढचा अपघात टळला असता, असेही अहवालात म्हटले आहे.

लेखन-वाचनाच्या अभ्यासकाने या ठिकाणी थांबले पाहिजे. ते नाव कोणी तरी लिहिले होते. पेटी उघडणाऱ्यांच्या नजरेसमोर ते होते. परंतु परिचित जागी असलेला मजकूर आपण वाचत नाही, तो तेथे असेल तसाच असणार असे गृहीत धरतो. संगणकीय यंत्रणा तर वाचतच नाही; जोडणी जशी केली तशी ती सत्य मानते. म्हणून यंत्र जितके तत्पर, तितकी लिहिणाऱ्याची आणि पडताळणाऱ्याची जबाबदारी वाढते, कमी होत नाही.

आपल्या परंपरेला ही जाणीव नवी नाही. एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, ते पाठभेदांनी दूषित झालेल्या प्रतींचे काळजीपूर्वक वाचन केल्यामुळेच. रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाच्या आरंभी लेखनक्रियेवर स्वतंत्र समास रचला आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वळण एकसारखे राहिले पाहिजे असा आग्रह धरला. हा आग्रह केवळ सौंदर्याचा समजला जातो. वस्तुतः तो अवधानाचाही आहे. हात जेथे घाईला आला, तेथे अक्षर ते उघड करते. टंकलेल्या मजकुरात ही साक्ष उरत नाही, आणि एका ठिकाणचा उतारा उचलून दुसरीकडे चिकटविला तर तो लिहिणाऱ्याच्याही वाचनातून गेलेला नसतो. छापखान्यांत एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचावी व दुसऱ्याने मुद्रितावर नजर ठेवावी, ही चाल होती. चालक-साहाय्यकांच्या उच्चाराशी तिचे साम्य सहज ध्यानात येईल.

वर्गात याचा उपयोग करून पाहता येतो. प्रस्तुत लेखकाने विद्यार्थ्यांस पुढील वाक्य मोबाइलच्या पडद्यावर वाचावयास दिले : ‘अर्जासोबत मूळ प्रमाणपत्रे जोडू नयेत, छाननीच्या वेळी मागणी झाल्यास तीच सादर करावी लागतील, अन्यथा साक्षांकित प्रती पुरेशा मानल्या जातील.’ नंतर मोबाइल दूर ठेवून आशय लिहावयास सांगितला. ‘प्रमाणपत्रे’ आणि ‘छाननी’ हे शब्द बहुतेकांना आठवले. ‘नयेत’, ‘झाल्यास’ आणि ‘अन्यथा’ हे गळाले, आणि कित्येकांच्या लेखी मूळ प्रमाणपत्रे अर्जाला जोडली गेली. म्हणजे वस्तू लक्षात राहिल्या, त्यांना बांधणारे व्याकरण निसटले.

दुसऱ्या खेपेस त्याच प्रकारचे वाक्य त्याच पडद्यावर दिले. परंतु शेजाऱ्यास, ज्याने ते पाहिलेले नाही, ते सांगावयाचे आहे आणि त्याने लिहून घेतलेले मुळाशी ताडून पाहिले जाईल, असे आधी बजावले. या वेळी वाचनास वेळ अधिक लागला. ओठ हलताना दिसले. अटी बऱ्याच अंशी शाबूत राहिल्या. एका विद्यार्थिनीने मात्र पहिल्या वाक्याकडे परत जाऊन विचारले की मागणी करावयाची कोणी, आणि ती अर्जदारास कळवावयाची कशी. वाक्यात ते नव्हतेच. वाक्य प्रस्तुत लेखकाने स्वतः रचलेले होते. पुढील तुकडीपूर्वी ते दुरुस्त करावे लागले.