सहा मंडळ्यांची एक मंडळी



एकी म्हटली की तुम्ही लगेच लाकडाच्या मोळीची गोष्ट सांगता. आज एक खरे उदाहरण पाहू. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा ख्रिस्ती मंडळ्या एकत्र आल्या व ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले. सहाही नावे पाठ करू नका, परीक्षेत विचारणार नाही. अडचण कुठे होती, ते मात्र नीट समजून घ्या.

बाप्तिस्मा म्हणजे मंडळीत प्रवेश देणारा पाण्याचा विधी. अँग्लिकन मंडळीत तो तान्ह्या बाळालाही देत. बॅप्टिस्ट म्हणत, मूल मोठे होऊन स्वतः विश्वास धरील तेव्हाच द्यावा. हे मानापानाचे भांडण नव्हते, श्रद्धेचाच प्रश्न होता; म्हणून कोणाला ‘सोडून द्या’ म्हणणेही शक्य नव्हते. बोलणी १९२९ पासून चालू होती! शेवटी दोन्ही पद्धती मान्य झाल्या. बाळाचा बाप्तिस्मा करायचा, की आशीर्वाद मागून तो मोठा होईपर्यंत थांबायचे, हे आईवडिलांनी ठरवावे. बोलण्यांत असलेली एक मोठी मेथडिस्ट मंडळी मात्र ऐनवेळी बाहेर राहिली.

आता वर्गात हे करून पाहा. स्नेहसंमेलनातले नाटक मराठीत असावे की हिंदीत? दोन गट करा. मतदान करायचे नाही. आधी समोरच्या गटाचे म्हणणे त्यांना ‘हो, हेच’ म्हणावेसे वाटेल असे सांगून दाखवायचे, मग आपले. वर्गशिक्षकांनी मध्ये बोलू नये. जे ठरेल ते सोमवारी फळ्यावर लिहावे. काही ठरले नाही तर तसे लिहावे.